बावीस मजल्यांआधीचे दोन

सीबीडी बेलापूरमध्ये आमच्या कार्यालयासमोर आज जी २२ मजल्यांची कार्यालयीन इमारत उभी आहे, तिच्या बांधकामाचा जवळजवळ निम्मा काळ जमिनीच्या पातळीपर्यंत पोहोचण्यातच गेला. रस्त्यावरून जाणाऱ्याला हे कळायला मार्ग नव्हता. त्याला निळ्या पत्र्यांचे कुंपण दिसे, आणि ‘काम बंद पडलंय वाटतं’ असे म्हणून तो स्टेशनकडे निघून जाई. मला मात्र चौथ्या मजल्यावरच्या खिडकीतून कुंपणाच्या आतले दिसत होते. मी लेखा विभागात काम करते, बांधकामशास्त्राचे शिक्षण मला नाही. पण माझा भाचा पुण्यात स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे आणि जेवणाच्या सुट्टीत त्याला फोन करून शंका विचारण्याची सवय मला या इमारतीमुळे लागली. समोरची इमारत बांधण्याचे हे काम २०२१ च्या सुरुवातीपासून मी सलग पाहत आले.

आधी जागेविषयी थोडेसे. चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली मुंबईच्या खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली, १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली, आणि दक्षिण मुंबईतली कार्यालये इकडे यावीत या हेतूने बेलापूरला मध्यवर्ती व्यापारी क्षेत्र आखण्यात आले. प्रत्यक्षात त्याच सुमारास नरिमन पॉइंटला समुद्रात भराव घालून कार्यालयांची रांग उभी राहिली, मंत्रालय जिथल्या तिथे राहिले, आणि लोकल वाशीला यायला १९९२ तर बेलापूरला यायला १९९३ साल उजाडले. कोकण भवन आणि सिडको भवन आले, पण खासगी कंपन्यांच्या उंच इमारतींना फार उशीर झाला. मेट्रो, अटल सेतू आणि विमानतळ हे तिन्ही पाठोपाठ येणार असे दिसू लागल्यावरच इथल्या उरलेल्या भूखंडांना खरा भाव आला, असे माझे मत आहे.

इमारत भाड्याने देण्यासाठी होती, गाळे विकण्यासाठी नव्हती. त्यामुळे विक्रीच्या बांधकाम प्रकल्पांची नोंद ठेवणाऱ्या महारेराच्या संकेतस्थळावर तिची नोंद सापडण्याचा प्रश्नच नव्हता. माहितीसाठी माझा आधार होता तो पर्यावरण मंजुरीचा. सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकाम असलेल्या प्रकल्पाला ही मंजुरी घ्यावी लागते, आणि ती मिळाल्यावर दर वर्षी १ जून व १ डिसेंबरला अटींच्या पालनाचा अहवाल द्यावा लागतो. हे अहवाल वाचायला कंटाळवाणे असतात, त्यांत पुष्कळदा मागच्या अहवालातलाच मजकूर उचलून ठेवलेला असतो. पण किती खोल खोदणार, उपसलेले पाणी कुठे सोडणार आणि निघालेली माती कुठे जाणार हे त्यांतूनच कळते. कुंपणावरच्या फलकावर बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राचा क्रमांक असतो, तोही मी उतरवून ठेवला होता. हिशेबाचे काम करणाऱ्या माणसाला क्रमांक दिसला की तो टिपल्याशिवाय राहवत नाही.

पहिले यंत्र आले ते मातीपरीक्षणाचे. तीन पायांची लोखंडी घोडी, इंजिन आणि दोन-तीन माणसे, एवढाच पसारा होता. जमिनीत भोक पाडत जायचे आणि ठरावीक खोलीवर थांबून साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा पाऊण मीटर उंचीवरून सळईवर सोडायचा. सळई ३० सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागले ते मोजायचे, अशी ही चाचणी असते. वरच्या मुरमाच्या भरावात ठोके बऱ्यापैकी लागत होते. त्याखाली खाडीचा काळसर, शिंपल्यांचे तुकडे मिसळलेला चिखल लागला, आणि तिथे एक-दोन ठोक्यांतच सळई सरकू लागली. त्याखाली पिवळसर घट्ट माती, मग कुजलेला खडक आणि शेवटी काळा कातळ. कातळाचे गोल तुकडे लाकडी पेट्यांत खोलीनुसार लावून ठेवले होते, आणि पेट्यांवर खडूने मीटरचे आकडे लिहिले होते. त्याच जागी बसून एक वयस्क गृहस्थ हे सारे पाहत. ते दिवाळे गावचे कोळी, त्यांचा मुलगा आमच्याकडे शिपाई आहे. ते मला म्हणाले, ‘‘बाय, हितं पूर्वी भरतीचं पाणी यायचं. यांना आता कळतंय.’’

चिखलावर २२ मजले उभे राहत नाहीत, म्हणून भार थेट कातळावर नेण्यासाठी पाइल, म्हणजे जमिनीत खोल ओतलेले काँक्रीटचे खांब, घ्यावे लागतात. पाइलिंगचे फिरते यंत्र आले आणि आमच्या कार्यालयाच्या खिडक्या महिनोन्‌महिने बंद राहिल्या. आधी लोखंडी लायनर, म्हणजे पोकळ नळकांडे, चिखलातून खाली ढकलायचा, म्हणजे भोकाच्या कडा ढासळत नाहीत. मग आतली माती बादलीने उपसत कातळापर्यंत जायचे, आणि कातळातही ठरलेल्या खोलीइतके आत शिरायचे. खरी वादावादी तिथेच होई. कातळ लागला की नाही हे वरून दिसत नाही. बादलीतून वर आलेले तुकडे, यंत्राला लागणारा जोर आणि त्यासाठी गेलेला वेळ यांवरून ते ठरवावे लागते. ठेकेदाराच्या माणसाला लवकर थांबायचे असते, सल्लागाराच्या माणसाला अजून थोडे खाली जायचे असते. दोघेही ते तुकडे हातात धरून उन्हात उभे असत. मग सळयांचा पिंजरा भोकात सोडला जाई आणि एका लांब नळीतून काँक्रीट तळापासून वर भरत आणले जाई. नळीचे तोंड सतत ताज्या काँक्रीटमध्ये बुडालेले राहिले पाहिजे, नाहीतर मधे चिखल शिरतो आणि पाइल तिथे कमकुवत होते. वर साचलेले खराब काँक्रीट नंतर फोडून काढतात. ते फोडण्याचा आवाज पाइलिंगच्या आवाजापेक्षा वाईट होता, हे मी इथे नमूद करून ठेवते.

पाइलची भारचाचणी हा त्या काळातला सगळ्यांत चर्चेचा विषय ठरला. लोखंडी तुळयांच्या मंचावर काँक्रीटचे ठोकळे रचत रचत चांगला दुमजली ढिगारा झाला. त्या ढिगाऱ्याखाली जॅक लावून पाइल दाबायची आणि ती किती मिलिमीटर खचते ते डायलवर वाचायचे, ही ती चाचणी. सुरुवातीच्या नमुना पाइलवर आखलेल्या भाराच्या अडीच पट भार चढवतात, आणि प्रत्यक्ष कामातल्या निवडक पाइलवर दीड पट. आमच्या कार्यालयात मात्र त्या ढिगाऱ्याबद्दल निरनिराळ्या समजुती पसरल्या. कोणी म्हणाले गोदाम बांधताहेत, कोणी म्हणाले पुतळ्याचा चौथरा. रात्रभर दिव्याखाली दोन माणसे डायल वाचत बसलेली दिसली तेव्हा कुठे लोकांचा चाचणीवर विश्वास बसला.

त्यानंतर दोन तळघरांसाठी खोदकाम. वाहने ठेवण्याच्या नियमांमुळे आणि पाण्याच्या टाक्या, सांडपाणी प्रक्रिया, पंप यांच्या गरजेमुळे तळघरे टाळता येत नाहीत. तळ जमिनीपासून सुमारे नऊ मीटर खाली जाणार होता. चारही बाजूंनी एकमेकींत गुंतलेल्या पाइलची भिंत आधीच घातली होती, आणि खोदत जाताना दोन टप्प्यांवर जाडजूड पोलादी नळ्यांचे आडवे टेकू द्यायचे होते. पहिला टेकू बसेपर्यंत २०२२ चा मे महिना लागला. पावसाळ्यापूर्वी आणखी खोल जायचे की थांबायचे, असा प्रश्न आला आणि ते थांबले. मला वाटते, संपूर्ण कामातला हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता. बाहेरच्या लोकांना मात्र तोच आळस वाटला. चार महिने त्या खड्ड्यात करड्या पाण्याचे तळे होते आणि काठावर बगळे.

शेजाऱ्यांच्या दृष्टीने खोदकामातला धोका पाण्याचा असतो. खड्डा कोरडा ठेवण्यासाठी पाणी उपसले की आजूबाजूच्या जमिनीतलेही पाणी खाली जाते, चिखल आक्रसतो आणि जुन्या इमारती खचू शकतात. म्हणून आमच्या इमारतीच्या भिंतींवर त्यांनी खुणेचे खिळे ठोकले, आधीपासून असलेल्या तड्यांवर काचेच्या पातळ पट्ट्या चिकटवल्या, म्हणजे तडा वाढला तर काच फुटेल. आवारात निरीक्षणाच्या नळ्या घातल्या. इमारतीतल्या पट्ट्या शाबूत राहिल्या. आवाराच्या भिंतीवरची एक फुटली, तिथे बोट जाईल एवढी फट पडली. पत्रव्यवहार सुरू झाल्यावर ठेकेदाराने आधी ती फट जुनीच असल्याचे कळवले. काचेवर चिकटवल्याची तारीख लिहिलेली होती, तिचे छायाचित्र पाठवल्यावर गवंडी आले. ज्यांच्या शेजारी असे खोदकाम सुरू होणार असेल त्यांनी पट्टीवर तारीख लिहून घ्यावी आणि काम सुरू होण्याआधीची छायाचित्रे दोन्ही पक्षांच्या सहीने ठेवावीत.

दिवाळीनंतर खोदकाम पुन्हा सुरू झाले आणि पंप चोवीस तास चालू लागले. नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहे. पावसाचे पाणी धारण तलावांत साठवायचे, भरतीच्या वेळी खाडीकडची झडप बंद राहू द्यायची आणि ओहोटीला ते पाणी सोडायचे, अशी व्यवस्था सिडकोने सुरुवातीलाच केली होती. त्यामुळे खड्ड्यातून उपसलेले पाणीही कधीही गटारात सोडून चालत नाही. आधी ते टाकीत थांबवून गाळ खाली बसू द्यावा लागतो, आणि उधाणाच्या दिवशी तर ते जाणारच कुठे, असा प्रश्न असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पंपवाल्यांची धावपळ वाढलेली मी पाहत असे. भरतीचे वेळापत्रक त्यांच्या केबिनच्या दारावर लावलेले होते आणि दिवाळ्याचे ते गृहस्थ त्याकडे न पाहता अचूक वेळ सांगत.

इथेच माझी एक मोठी शंका भाच्याने सोडवली. मी विचारले, एकदा तळाचे काँक्रीट झाले, बाजूच्या भिंती झाल्या, की मग पंप कशाला हवेत? तो म्हणाला, ‘‘मावशी, रिकामं पातेलं पाण्याच्या बादलीत दाबून बघ.’’ तळघर म्हणजे पाण्याने वेढलेली रिकामी पेटी. पावसाळ्यात जमिनीतले पाणी पृष्ठभागाखाली जेमतेम एक मीटरवर येते; तळ नऊ मीटरवर असेल, तर आठ मीटर पाण्याचा दाब, म्हणजे दर चौरस मीटरला आठ टन, वरच्या दिशेने. तळाच्या राफ्टचे, म्हणजे सगळ्यांत खालच्या जाड काँक्रीटच्या थराचे, आणि तळघरांच्या स्लॅबचे वजन धरूनही हिशेब पुरत नाही. कार्यालयीन इमारतीचा एक मजला दर चौरस मीटरला ढोबळमानाने टनभर भरतो. सुरक्षिततेसाठी थोडे जास्त वजन गाठायचे तर वरचे पाच-सहा मजले उभे राहीपर्यंत पंप बंद करता येत नाहीत. ज्या बाजूला तळघर आहे पण वर टॉवर नाही, तिथे तर पुरेसे वजन कधीच येणार नसते, म्हणून तिथल्या पाइल खाली दाब घेण्याऐवजी राफ्टला खाली ओढून धरण्यासाठी आखलेल्या असतात. हे कळल्यावर डिझेल जनरेटर दोन का ठेवले आहेत याचाही उलगडा झाला. वीज गेली आणि पंप थांबले, तर त्या अवस्थेत पाणी इमारतीखालीच जोर करणार.

खारे पाणी सळयांचा शत्रू. म्हणून तळघरातल्या सळयांना हिरव्या रंगाचा इपॉक्सीचा लेप होता, आणि सळया उतरवताना तो खरवडला गेला की एक मुलगा ब्रश घेऊन तेवढीच जागा रंगवत बसे. सिमेंटमध्ये पोलाद कारखान्यातली दळलेली स्लॅग मिसळली होती. तिच्यामुळे क्षार आत शिरायला अटकाव होतो आणि काँक्रीट घट्ट होताना निर्माण होणारी उष्णताही कमी राहते.

ही उष्णता किती असते याची कल्पना मला राफ्टचे काँक्रीट पडेपर्यंत नव्हती. लिफ्टच्या गाभ्याखाली राफ्टची जाडी माणसाच्या उंचीपेक्षा जास्त होती. २०२३ च्या जानेवारीत शनिवारी संध्याकाळी काम सुरू झाले, कारण गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी असते आणि एवढे काँक्रीट मधे न थांबता पडायला हवे. एका ट्रान्झिट मिक्सरमध्ये साधारण सहा घनमीटर माल मावतो. दीड हजार घनमीटर म्हणजे अडीचशे खेपा. तुर्भ्याच्या बाजूने येणाऱ्या मिक्सरची रांग उड्डाणपुलापर्यंत गेली होती. मिश्रणात पाण्याच्या जागी बर्फ घालत होते. प्रत्येक गाडीतून थोडे काँक्रीट काढून ते किती पसरते हे पाहायचे, तापमान घ्यायचे, मगच पंपाकडे सोडायचे. दोन गाड्या माझ्या डोळ्यांदेखत परत गेल्या. काँक्रीटच्या पोटात तापमान मोजण्याच्या तारा सोडलेल्या होत्या: आतले तापमान ७० अंशांच्या वर जाऊ द्यायचे नसते, आणि पोट व पृष्ठभाग यांत २० अंशांपेक्षा जास्त फरक पडला तर तडे जातात. म्हणून दुसऱ्या दिवशी, तापलेल्या राफ्टला गार करण्याऐवजी त्यांनी त्यावर थर्माकोलचे तक्ते आणि प्लास्टिक अंथरले. ते बघून आमच्यातले एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, ‘‘गरम झालंय म्हणता आणि पांघरूण घालता?’’ पृष्ठभाग लवकर निवू द्यायचा नसतो, हे त्यांना पटवायला मला बराच वेळ लागला.

जमिनीच्या पातळीचा स्लॅब पडला तेव्हा पुढच्या पावसाळ्याची सुरुवात झाली होती. त्यानंतरचे काम रस्त्यावरच्या लोकांना दिसू लागले, त्यामुळे अचानक सगळे म्हणू लागले की आता कामाने वेग घेतला. खरे तर वरचे मजले हे तुलनेने सोपे काम. एकाच प्रकारचे साचे पुन्हा पुन्हा लावायचे असतात. लिफ्ट, जिने आणि स्वच्छतागृहे सामावणारा मधला गाभा तीन-चार मजले पुढे चढत राहतो आणि त्याच्या मागून स्लॅब येतात. सुरळीत चालले की आठ-दहा दिवसांत एक स्लॅब पडे.

सुरळीत चालणे माणसांवर अवलंबून होते. सेंटरिंगचे, म्हणजे काँक्रीटचे साचे लावणारे, सुतार बहुतेक पश्चिम बंगालमधल्या मालदा आणि मुर्शिदाबादकडचे, सळया बांधणारे फिटर बिहार-झारखंडचे. छठपूजेला काम मंदावणार हे मुकादमाने गृहीत धरलेले होते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीचा मात्र अंदाज चुकला. मालदा आणि मुर्शिदाबादला ७ मे रोजी मतदान होते, आणि एप्रिलच्या अखेरीस गेलेली माणसे आंबे, लग्ने आणि शेतीची कामे उरकून जूनमध्ये उगवली. एक स्लॅब त्या काळात महिनाभर तसाच राहिला. कुठल्याही प्रकल्पाच्या आराखड्यात हे कारण लिहिलेले नसते. अहवालात ‘मनुष्यबळाची अनुपलब्धता’ एवढाच उल्लेख आला.

त्याच मे महिन्यातली १३ तारीख. घाटकोपरला होर्डिंग कोसळून १७ जणांचा जीव गेला, ती वादळाची दुपार. आकाश पिवळे झाले आणि समोरच्या टॉवर क्रेनचा आडवा हात आपोआप गर्रकन फिरू लागला. आमच्या इमारतीतल्या लोकांनी खिडक्यांपासून दूर पळ काढला. क्रेन सुटली, असेच सगळ्यांना वाटले. ती प्रत्यक्षात मुद्दाम सोडलेली होती. काम थांबवताना फिरण्याचा ब्रेक मोकळा ठेवतात, म्हणजे हात वाऱ्याच्या दिशेने वळतो आणि वाऱ्याला कमीत कमी पृष्ठभाग मिळतो. ब्रेक लावून हात अडवून धरला तर सगळा जोर खांबावर येतो. हे मला आधी माहीत होते, तरीही त्या दुपारी मी खिडकीपाशी थांबले नाही.

मजल्यांवर जाण्याची संधी मला एकदाच मिळाली. भाच्याचा वर्गमित्र तिथे सल्लागाराच्या बाजूने येत असे. हेल्मेट, जड बूट आणि अर्ध्या तासाचे सुरक्षिततेचे व्याख्यान झाल्यावर पिंजऱ्याच्या हॉइस्टमधून, म्हणजे बांधकामापुरत्या बाहेरच्या लिफ्टमधून, आम्ही नवव्या मजल्यावर गेलो. तुळया नसलेला सपाट स्लॅब होता आणि त्याच्या खालच्या बाजूला रंगाच्या लांब रेषा मारलेल्या होत्या. स्लॅबच्या पोटात सात तारा पिळून केलेल्या पोलादी दोऱ्या असतात. काँक्रीटला पुरेशी ताकद आली की जॅकने त्या ताणून पाचरांनी अडकवतात, आणि ओढल्यावर दोरी किती लांबली हे मोजून हिशेबाशी ताडून पाहतात. त्यामुळे तुळया टळतात आणि त्याच उंचीत एखादा मजला जास्त बसतो. पण पुढे छताला भोक पाडताना ड्रिल अशा दोरीवर गेले तर अनर्थ होईल, म्हणून त्या रेषा. साइटवरचा सांगलीकडचा पर्यवेक्षक म्हणाला, ‘‘ताई, या रेघा आम्ही मारतो खऱ्या, पण भाडेकरूंचा एसीवाला आला की पहिल्यांदा त्यावर फॉल्स सीलिंग टाकतो. मग कुठल्या रेघा नि कुठलं काय.’’ ही माहिती भाडेपट्ट्याच्या कागदांत लिहिलेली असावी, अशी माझी अपेक्षा आहे.

एखादा मजला जास्त बसवण्याला इथे महत्त्व आहे, कारण वरची मर्यादा विमानतळाने ठरवलेली. भारतीय विमानतळ प्राधिकरण उंचीचा जो दाखला देते, त्यातली उंची समुद्रसपाटीपासून मोजलेली असते, आणि तिच्यात लिफ्टची खोली, पाण्याची टाकी, वीजरोधक हे सगळे धरलेले असते. क्रेनलाही हीच मर्यादा पाळावी लागते आणि क्रेन तर नेहमी इमारतीपेक्षा उंच असते. शेवटचे दोन मजले बांधताना त्यामुळे फार ओढाताण झाली. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी आणि पहिली प्रवासी उड्डाणे २५ डिसेंबर २०२५ रोजी झाली. पण त्याच्या सावलीतला हा नियम आमच्या भागातल्या इमारतींवर कितीतरी आधीपासून लागू होता.

काचा बसवण्याचे काम खालून सुरू झाले तेव्हा वर स्लॅब पडतच होते. कारखान्यात चौकटीसह जोडून आलेले मजलाभर उंचीचे तावदान लहान क्रेनने स्लॅबच्या कडेबाहेर काढायचे, आधीच पुरलेल्या पट्टीवरच्या कंसाला टांगायचे आणि शेजारच्या तावदानाच्या खाचेत सरकवायचे. एकात एक अडकत जात असल्यामुळे मधलेच एखादे नंतर बसवणे कठीण असते. दोन मजल्यांच्या तावदानांमध्ये बोटभर फट राखलेली असते, कारण माणसे आणि सामान आल्यावर स्लॅबची कडा किंचित वाकते. स्लॅबची कडा आणि काच यांच्यात जी वितभर मोकळी जागा राहते, ती मात्र माझ्या मते सगळ्यांत काळजीची. आग लागली तर धूर आणि ज्वाला तिच्यातूनच वरच्या मजल्यावर जाणार. तिथे खनिज लोकर दाबून बसवतात आणि वरून लेप देतात. हे काम करणारी माणसे मला चार-पाचच दिसली. तावदाने चढवणाऱ्यांची टोळी त्याच्या कितीतरी पट मोठी होती.

२०२४ च्या ऑक्टोबरात शेवटचा स्लॅब पडला, नारळ फुटले, पेढे आमच्यापर्यंतही आले. त्यानंतरचे वर्ष वातानुकूलनाचे नळ, विजेच्या तारा, फवारे, लिफ्ट यांत गेले. बाहेरून काहीच बदलत नव्हते, म्हणून पुन्हा ‘काम बंद पडलं’ ही चर्चा सुरू झाली. मला पाहायला मिळाले ते अग्निशमनाच्या तपासणीचे दिवस. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार २४ मीटरच्या वर आणि पुढे दर १५ मीटरला आसऱ्याची जागा ठेवावी लागते; ती बाहेरून काच नसलेल्या मोकळ्या पट्ट्यासारखी दिसते. जिन्यांत पंख्याने हवेचा दाब वाढवतात, म्हणजे दार उघडले तरी धूर जिन्यात शिरत नाही. अधिकाऱ्यांनी त्या दिवशी गच्चीवरून होजचे पाणी सोडायला लावले आणि वीज तोडून पंप जनरेटरवर चालतो का ते पाहिले. पहिल्या वेळी तो चालला नाही. पुढची तारीख मिळायला वेळ गेला. इमारत वापरात आल्यावरही ही यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला दर वर्षी जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो, त्यामुळे ती पहिली नापास तपासणी मला तरी उपयोगाचीच वाटली.

हॉइस्ट जिथे इमारतीला चिकटलेली होती तिथला उभा पट्टा शेवटपर्यंत उघडा होता. लिफ्ट निरीक्षकांनी सामानाची लिफ्ट चालवायला परवानगी दिल्यावर हॉइस्ट उतरवली आणि तो पट्टा राखून ठेवलेल्या तावदानांनी भरला. त्यांतल्या काही काचांची छटा बाकीच्यांशी जुळत नाही. संध्याकाळच्या उन्हात तो पट्टा अजून वेगळा ओळखू येतो. भोगवटा प्रमाणपत्र २०२५ च्या अखेरीस मिळाले. आता निरनिराळ्या मजल्यांवर भाडेकरू कंपन्यांची अंतर्गत कामे चालू आहेत. छताच्या जाळ्या, गालिचे, फर्निचर असे त्यांचे सामान रात्रीच येते, त्यामुळे रस्त्यावरची ट्रकची रांग कायम आहे, आणि तळघरांतली वाहनतळाची जागा भाडेकरूंसाठी अजून उघडलेली नसल्याने त्यांच्या माणसांच्या मोटारसायकली आमच्या फाटकापुढे लागतात. त्याबद्दलचे पत्र आमच्या आस्थापना शाखेने नुकतेच पाठवले आहे.